भरलेले रकाने

प्रश्न १. कुटुंबप्रमुखाचे नाव

"तुला माझं नाव ठाव नाय?" तुलसीरामकाकांनी विचारलं.

"ठाऊक आहे, काका. पण विचारावं लागतं. नियमच आहे तसा."

"मग इचार."

"तुमचं नाव काय?"

"तुझा काका."

दारात उभ्या असलेल्या शेजारणी खिदळल्या. कुंतीकाकूने पदर तोंडाला लावला. विद्यावतीने मान खाली घालून पहिल्या रकान्यात 'तुलसीराम' लिहिलं आणि आडनावापाशी तिचा हात थोडा रेंगाळला. बारा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, ते तिचंही आडनाव होतं.

साल १९८३, मे महिना. ऊसतोड सुरू व्हायला अजून महिना होता, त्यामुळे माणसं घरी सापडत होती. विद्यावती पोर्ट लुईसला, बेटाच्या राजधानीत, सरकारच्या नियोजन खात्यात आकडे गोळा करायची. सासर बो बासेंला, माहेर हे गाव, कांप दे मास्क. आई-वडील दोघंही गेलेले, पण काकांच्या घराचं दार होतं म्हणून माहेर होतं.

गावालगतची साखरेची गिरणी फार पूर्वी बंद पडली होती. धुराड्यावर झुडपं उगवली, पत्रे गंजले, आणि मग १९७६ साली एका कंपनीने ती विकत घेऊन तिथे सिनेमाचा स्टुडिओ काढला. पॅरिसहून, मुंबईहून माणसं यायची, महिना-दीड महिना दिवे लावायची, निघून जायची. गाव अजूनही त्या जागेला 'लिझिन', म्हणजे गिरणीच म्हणायचं. "लिझिनात शिनेमा चाललाय" असं.

आता लिझिनाला वाढायचं होतं. चित्रीकरणाची दुसरी शेड हवी होती, आणि शेडपुढे एक भलामोठा हौद, ज्यात समुद्र उभा करता येईल. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर आणखी एक समुद्र बांधायचा, याचं खात्यात कोणालाही हसू आलं नाही. खरा समुद्र सांगितल्या वेळी खवळत नाही आणि सांगितल्या वेळी थांबत नाही, असं स्टुडिओच्या अर्जात लिहिलं होतं.

प्रश्न ३. कसत असलेली जमीन: मालकीची / भाड्याची / इतर

भाड्याची. एकेचाळीस घरं, एकेचाळीस वेळा भाड्याची.

लिझिनाच्या खालच्या अंगाला बावीस आर्पां जमीन होती. आर्पां म्हणजे एकराहून बोटभर मोठा. जमीन उसाच्या मळेवाल्याची, पण खडकाळ म्हणून त्याच्या वाडवडिलांनी ती कधीकाळी मराठी मुलखातून आणलेल्या मजुरांना भाजीपाल्यासाठी दिली होती. मजुरांनी दगड वेचून बांधांवर रचले. तीन पिढ्या वेचत होते. आता तिथे वांगी, भेंडी, मिरची, घेवडा असं सगळं व्हायचं, आणि पहाटेच्या लॉरीने फ्लाकच्या बाजारात जायचं. भाडेपट्टा दरवर्षी जानेवारीत नवा व्हायचा. इतकी वर्षं झाला, म्हणून यापुढेही होईल असं सगळे धरून चालले होते.

हौद तिथेच बांधायचा होता. मळेवाला विकायला तयार होता. अडलं होतं ते सरकारच्या परवानगीपाशी, आणि परवानगी विद्यावतीच्या अहवालापाशी.

तिचे साहेब, मिस्ये आर्मां, हे सभ्य माणूस होते. त्यांनी तिला पेन्सिलीने एक रेघ मारून दाखवली होती. "गावाला स्टुडिओतून दर घरामागे वर्षाला चाळीस दिवसांपेक्षा जास्त काम मिळत असेल, तर स्टुडिओ वाढवण्यात गावाचंच हित आहे. चाळीसाच्या खाली असेल, तर भाजीच बरी. तुम्ही त्यांची भाषा बोलता, मादाम. म्हणून तुम्हाला पाठवतोय. पण रेघ कुठे आहे ते सांगायचं नाही. सांगितलंत की आकडे नासतात."

विद्यावतीने मान डोलावली. ती मनातून निश्चिंत होती. काकांकडे लिझिनाचं काम वर्षात चार दिवस असायचं, फार तर सहा. गर्दीत उभं राहायचं, नाहीतर बैलगाडी नेऊन द्यायची. आकडे आपोआप खरं बोलतील, बावीस आर्पां वाचतील, आणि तिला तोंडातून एक शब्दही काढावा लागणार नाही.

तो शब्द काढायचा नाही, हे तिने फार कसोशीने पाळलं.

प्रश्न ७. गेल्या वर्षात घरातील माणसांनी स्टुडिओत किती दिवस काम केले?

"किती लिवलंस म्हंजे बरं पडंल तुला?" कुंतीकाकूने विचारलं.

"जे खरं असेल ते, काकू."

"खरं तर हायेच. पण तुला किती हवं?"

"मला काही नको. रिकामं असलं तरी चालेल."

काकूने काकांकडे पाहिलं. काकांनी छपराकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "पंच्याहत्तर."

"पंच्याहत्तर दिवस? काका, कधी?"

"कधी म्हंजे? कवा ना कवा. तू बारा वरसं हितं न्हवतीस गो. गणपतीला यायची नि जायची."

हा टोला तिला लागला. तिने पंच्याहत्तर लिहिलं. उत्तर देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, असा नियमही होता.

पुढच्या घरी साठ. त्याच्या पुढच्या घरी अठ्ठावन्न. देवळाच्या कमिटीचे बाबूराव पोथीतला अध्याय सांगावा तसे म्हणाले, "एकाहत्तर." गल्लीच्या टोकाला इंद्राणी राहायची, सत्तरीची, विधवा, एकटी, तोंडाने गावभर प्रसिद्ध. ती दारातच म्हणाली, "नव्वद लिव."

"इंद्राणीमावशी, नव्वद दिवस तुम्ही काय केलंत तिथे?"

"बसले. परतेक शिनेमात एक म्हातारी लागतेच बघ. हिरो गावातनं जातो, म्हातारी बसलेली असते. त्यांची म्हातारी मी. फ्रांसेला मी, मुंबईवाल्यांला मी. गेल्या साली तर मला मेलेली दाखवलीन. तीन दिवस मेले. मेल्याचे पैशे ज्यास्ती."

बायका हसून लोटपोट झाल्या. विद्यावतीही हसली, आणि तिने नव्वद लिहिलं.

निघताना घरोघरी तिला थांबवलं गेलं. माहेरवाशीण आली होती. कोणी हळदकुंकू लावलं, कोणी ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, कोणी मूठभर मिरच्या, कोणी कोवळी भेंडी, कोणी चार वांगी. इंद्राणी तेवढी मागे सरून उभी राहिली. संध्याकाळी सें प्येरवरून रोझ हिलला जाणाऱ्या बसमध्ये विद्यावतीच्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. एका पिशवीत एकेचाळीस फॉर्म, दुसरीत बावीस आर्पांची भाजी. दुसरी इतकी जड की मांडी दुखत होती.

प्रश्न ८ ते १४

इथे गाळले आहेत. त्यांत वीज, संडास, सायकल, रेडिओ यांची चौकशी होती. त्यांची उत्तरं खरी होती.

तक्ता ४

एकूण दोन हजार पाचशे त्र्याऐंशी दिवस. दर घरामागे त्रेसष्ट.

तिने बेरीज चार वेळा केली. मग स्टुडिओकडून आलेली हजेरीवही उघडली. वहीत एकेचाळीस घरांचे मिळून दोनशे बारा दिवस होते. दर घरामागे पाच.

ती दोन्ही कागद घेऊन मिस्ये आर्मांच्या टेबलापाशी गेली. पाय हलके झाले होते. चूक सापडली होती, आणि ती चूक बावीस आर्पां वाचवणार होती.

मिस्ये आर्मांनी चष्मा पुसला. "स्वाभाविक आहे. कंपन्या माणसं कमीच दाखवतात, कर चुकवायला. हजेरीवहीवर कोण विश्वास ठेवतो? माणसाच्या तोंडचं उत्तर जास्त खरं. आणि तुमच्यासमोर तर ते मोकळेपणाने बोलले असणार."

"हो," ती म्हणाली. "फार मोकळेपणाने."

"मग झालं तर. सुंदर काम केलंत, मादाम."

प्रश्न ७, पुन्हा

रविवारी ती न कळवता गेली. काकू मागच्या अंगणात घेवडा निवडत होती. विद्यावतीने पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही.

"काकू, काका खरे किती दिवस गेले लिझिनात?"

"बस तरी."

"किती?"

काकूने घेवड्याची शीर ओढली. "पाच. एक दिस पाऊस आला नि परत धाडलान, तो धरला तर सा."

"मग पंच्याहत्तर का सांगितलंत?"

काकूने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लबाडी कणभरही नव्हती, उलट जरासा अभिमानच होता. "अगो, तू येणार म्हणून कळलं तवा देवळात बसलो सगळी. बाबूराव म्हणले, आपली पोर गुव्हेर्नमांतनं कोरे कागूद घेऊन येतेय. कोरेच परत गेले तर साहेब म्हणंल, हिला आपलंच गाव काय देत न्हाय, दुसरी बाई बघा. माहेरपणाला आलेली पोर रिकामी कशी धाडायची? म्हणून ठरवलान, ज्याच्या त्याच्या ऐपतीपरमाणं आकडा द्यायचा. आन् सगळ्यांनी येकच द्यायचा न्हाय. येकच दिला तर वळखतात."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, रिकामं चालेल म्हणून!"

"माहेरवाशीण कधी मागते का? तिला इचारलं तर ती 'नको'च म्हणते. मीबी म्हणायची."

विद्यावती अंगणाच्या पायरीवर बसली. बांधाकडून बायकांच्या हाका येत होत्या, कोणीतरी कोणाच्यातरी बकरीला शिव्या देत होतं. तिने काकूला रेघेबद्दल सांगितलं. चाळीसची रेघ, त्याच्या वर काय, खाली काय, हौद कुठे. सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत. हेच आधी, मे महिन्यात, त्याच पायरीवर बसून सांगता आलं असतं.

घेवड्याची टोपली काकूच्या मांडीवर तशीच राहिली.

काका आले. त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आमाला वाटलं हौद पलीकडं व्हणार, नदीच्या अंगाला. तिकडं निस्ता दगूड हाय."

"इंद्राणीमावशींनी तरी नव्वद का सांगावेत?" विद्यावती रडकुंडीला आली होती. "एवढे कशाला?"

"ती इधवा न्हवं का?" काकू म्हणाली. "तिला तुझी ओटी भरता येत न्हाय. म्हणून तिनं आकडा मोठा दिलान."

पत्र (मसुदे)

*मान्यवर महोदय, तक्ता चारमधील आकडे बरोबर नाहीत, कारण गावकऱ्यांनी खोटे*

खोडलं. सरकारला खोटी माहिती देणाऱ्याला दंड होता.

*मान्यवर महोदय, तक्ता चारमधील आकडे बरोबर नाहीत, कारण मी*

खोडलं. मी काय? मी त्यांची मुलगी आहे?

*मान्यवर महोदय, तक्ता चारमधील आकड्यांमध्ये माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे. प्रश्न विचारताना मी योग्य ती पद्धत पाळली नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पाहणी पुन्हा व्हावी, अशी विनंती आहे.*

हे इंग्रजीत टंकून तिने मिस्ये आर्मांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मादाम, हे मी फाइलला लावलं आणि चूक सिद्ध झाली, तर तुमची नोकरी राहणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"आणि तरी?"

"तरी लावा."

त्या रविवारी गावातून निघण्याआधी ती बाबूरावांकडे गेली होती. देवळापुढच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमवून तिने हात जोडून सांगितलं होतं. दुसरा माणूस येईल, त्याला खरं सांगा, पाच म्हणजे पाच, शून्य म्हणजे शून्य. माझ्यासाठी एवढं करा. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. फक्त इंद्राणीने विचारलं होतं, "मंग तुझ्या कागदाचं काय व्हणार गो?"

"माझं मी बघेन," ती म्हणाली होती.

तिथेच चुकलं. पण ते तिला तेव्हा कळलं नाही.

प्रश्न ७, तिसऱ्यांदा

दुसरा अधिकारी सप्टेंबरात गेला, गणपतीच्या आठवडाभर आधी. गोवर्धन नावाचा, पांपलमूसचा, काटेकोर माणूस. त्याला मराठी येत नव्हती, तो क्रेओलमध्ये, बेटाच्या सामाईक बोलीत बोलला. दोन दिवसांत परत आला आणि त्याने विद्यावतीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"तुम्ही उगाच घाबरलात," तो म्हणाला. "इतकी जुळणारी पाहणी मी आयुष्यात पाहिली नाही. त्रेसष्ट. एकूण बेरजेत तीन दिवसांचा फरक, बस्स. ती एक म्हातारी आहे ना, मेलेली दाखवली म्हणणारी? ती त्र्याण्णव म्हणाली."

विद्यावतीने गठ्ठा उघडला. पंच्याहत्तर. साठ. अठ्ठावन्न. एकाहत्तर. अक्षर गोवर्धनचं होतं, आकडे तिचे होते. प्रत्येक पानाखाली सही, जिला सही येत नव्हती तिचा अंगठा. पाठ केल्याशिवाय कोणाला चार महिन्यांनी एवढं आठवत नाही. स्वतःच्या मुलाचा वाढदिवस न आठवणारी माणसं ती.

गणपतीला ती गेली. देवळात गणपतीपुढे झाकरीचा फेर धरून नाचणारे पाय बडवत होते. तिने काकांना बाजूला घेतलं.

"काका, का केलंत?"

"काय केलं?"

"तुम्ही मला शब्द दिला होता."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "दिला व्हता. मंग रात्री इंद्राणी आली घरी. म्हणली, आपण पाच सांगितले तर पोरीचा कागूद खोटा पडतो. नोकरी जाईल. म्हणून मी त्या साहेबालाच इचारलं, मुस्ये, आकडा येगळा निघाला तर पैल्या बाईचं काय? तो म्हणला, तिला घरी बसवतील. आता तूच सांग."

"पण जमीन, काका!"

"जमीन भाड्याची गो. माज्या आज्यानं भाडं दिलान, माज्या बापानं दिलान, मी दिलं. आज हाय, उद्या न्हाय. ते आमाला ठावच हाय." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "तुझं तसं न्हवं."

आत झाकरीचा सूर चढला, तसे ते तिचा हात सोडून टाळ घ्यायला गेले. ती खांबाला धरून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. पण कोणावर? त्या देवळात तिचं वाईट चिंतणारा एकही माणूस नव्हता.

डिसेंबरात परवानगी निघाली. जानेवारीत भाडेपट्टा नवा झाला नाही. फेब्रुवारीत बुलडोझरने बांधांवरचे दगड एका दुपारी ढकलून दिले. त्याच महिन्यात अचूक कामाबद्दल विद्यावतीच्या सेवापुस्तकात शिफारशीची ओळ चढली आणि तिला बढती मिळाली.

शेरा

१९८६, जुलै. स्टुडिओ वाढल्याने गावावर झालेला परिणाम तपासायला खात्याने पुन्हा तिलाच पाठवलं. फॉर्म नवे होते, पण सातवा प्रश्न तोच होता.

लिझिनाच्या खाली समुद्र होता. काँक्रीटच्या काठाचा, निळा रंग दिलेला, पाणी गुडघाभर आणि हिरवं. दोन सिनेमे झाले होते. तिसऱ्याची माणसं दुसऱ्या कुठल्यातरी स्वस्त बेटावर गेली, आणि चौथ्याची आलीच नाहीत. नवी शेड कुलूपबंद होती. कठड्यावर तुलसीरामकाका लांब काठीला जाळी बांधून पाण्यावरची पानं काढत बसले होते. एवढं एक काम शिल्लक होतं. बाकीचे कोणी साखरेच्या दुसऱ्या गिरणीत, कोणी कपड्यांच्या नव्या कारखान्यात. इंद्राणी मागच्या वर्षी गेली होती. खरीच.

"गेल्या वर्षात किती दिवस काम केलंत, काका?"

"शंभर वीस." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "ह्या खेपेला खरं हाय. वहीत बघ पायजे तर."

तिने लिहिलं. एकशे वीस.

घरी काकूने भात वाढला, डाळ वाढली, लोणचं वाढलं. भाजी नव्हती. जेवण झाल्यावर विद्यावतीने सगळ्या घरांचे फॉर्म गोळा करून पिशवीत घातले आणि उठली.

"थांब," काकू म्हणाली. "अशी कशी जातेस?"

"काकू, बस चुकेल."

"दोन मिंटं."

काकू चपला अडकवून वाण्याच्या दुकानाकडे गेली, जवळजवळ पळतच. विद्यावती दारात उभी राहिली. मागच्या अंगणापलीकडे हौदाचा कठडा दिसत होता, आणि त्यावर काकांची काठी पुढे जाताना, मागे येताना. काकू धापा टाकत परतली. तिने विद्यावतीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पदर पुढे करायला लावला, आणि त्यात मूठभर तांदळासोबत वाटाण्याचा एक डबा ठेवला. पत्र्याचा, फ्रान्सहून आलेला, वर हिरव्यागार शेंगांचं चित्र.

"लई चांगले असतात म्हणं," काकू म्हणाली. "शिजवायचीबी गरज न्हाय."